नत्थूजी पाणी प्यायला गेले

प्रेमलताबाईंनी पाचवं पान टेबलावर पालथं घातलं, चष्मा काढून पदराने पुसला, परत नाकावर चढवला आणि पान सुलटं केलं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली नववी तळटीप जागची हलली नव्हती.

समोर उत्तरा पौनीकर उभी होती. दोन वेण्या, निळा परकर, हातात पुठ्ठ्याचा खोका. चूक केल्यासारखा चेहरा नव्हता तिचा, आणि बाईंना नेमकं तेच खटकलं.

"हे तुला कोणी लिहायला सांगितलं?"

"तुम्हीच, बाई. जो कोणी काही म्हणते, त्याच्या मागं मागं जायचं म्हणून."

ते वाक्य बाईंचंच होतं. जुलैपासून दर शनिवारी, शेवटच्या दोन तासांना, नागपूरच्या इतवारीतल्या मुलींच्या शाळेत अकरावी मॅट्रिकच्या बावीस मुलींच्या कानांवर त्यांनी ते घातलं होतं. बोर्डाच्या परीक्षेत असला एकही प्रश्न येत नव्हता. एम.ए.च्या पोरांना जे धड जमत नाही ते या पोरींना शिकवायचं बाईंनी मनावर घेतलं होतं: स्वतः शोधून काढलेल्या गोष्टीवर वीस पानांचा प्रबंध लिहायचा, आणि प्रत्येक विधानाला खाली तळटीप द्यायची. टिपणांची कार्डं विकत कोण आणणार? मुली घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणत, कोऱ्या पाठीच्या सारख्या तुकड्यांत कापत. प्रत्येक तुकड्यावर आधी तीन गोष्टी लिहायच्या. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कुठे बसून म्हणालं. मग बाकीचं. आणि ऐकलेलं सगळं उतरायचं, निरुपयोगी वाटलं तरी. काय टाकायचं ते मागाहून ठरवायचं.

सुरुवातीला पोरी गाइडातली वाक्यं टिपून आणत आणि बाई एकेकीला उभं करून विचारत, "कोण म्हणालं?" दिवाळीपर्यंत पोरी तयार झाल्या. इतक्या, की एकीने तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनाच विचारलं, मुलगा बी.ए. झाला आहे असं कोण म्हणालं? पाहुणे चहा न घेता उठले. तक्रार थेट भैयाजींकडे गेली.

भैयाजी म्हणजे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. गांधीबागेच्या बाजारात लुगड्यांचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या मागच्या दोन खोल्या त्यांनीच उभ्या करून दिल्या होत्या. पण मार्चात बोर्डाची परीक्षा आणि पोरी बसल्या पत्रिका कापत, हे काही त्यांच्या गळी उतरेना. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर त्यांनी बाईंना निकालच सांगून टाकला. येत्या शनिवारी एका मुलीने आपला प्रबंध कमिटीपुढे आणि पालकांपुढे वाचावा. पटलं तर हा वर्ग चालू राहील, पुढच्या वर्षीही. नाही तर हे दोन तास गणिताला जातील.

बाईंनी एका पायावर हो म्हटलं. त्यांना कशाचीच धास्ती नव्हती, कारण त्यांच्याकडे उत्तरा होती. तांडापेठेतल्या विणकराच्या घरची पोर. बाप गिरणीत लागलेला, पण आजा आणि आजी अजून घरच्या मागावर. विषयही बाईंनीच सुचवला होता: लुगड्याच्या काठाची नक्षी कोण ठरवतं. त्यात थोडा स्वार्थ होता, उगाच कशाला लपवा. बारा वर्षांपूर्वी, पंचावन्न साली, याच विषयावर बाईंचा लेख एका त्रैमासिकात छापून आला होता आणि तो त्यांनी उत्तराच्याच आज्याला, नत्थूजींना, चार दुपारी विचारून लिहिला होता. भैयाजी कुठल्याही पाहुण्याला बाईंची ओळख करून देताना म्हणत, "आमच्या बाईचा लेख छापून आला आहे." त्या लेखामुळेच तर शनिवारचे तास मिळाले होते. आता तो विद्यार्थिनीच्या तोंडून सगळ्यांसमोर यावा, असं कोणत्या मास्तरणीला वाटणार नाही?

आणि तो आला होता. तळटीप नऊ: 'नक्षी घरातला कर्ता पुरुष ठरवतो, बायकांचा हात कांड्यांवर सूत भरण्यापुरता, असे प्रेमलता वैरागडे यांच्या लेखात आहे. त्यांना ते नत्थूजी पौनीकर यांनी ओसरीवर बसून सांगितले. नत्थूजींना ते मैनाबाई पौनीकर यांनी आतल्या खोलीतून सांगितले. नक्षी मैनाबाई ठरवतात. पुरुष ठरवतो असे सांगा, हेही मैनाबाईंनीच सांगितले.'

"उत्तरा, मी समोर बसले होते," बाई म्हणाल्या. "चार दुपारी. मी, माझे कॉलेजातले सर, तुझे आबा आणि तुझ्या आबांचे वडील. मैनाबाई तिथे नव्हत्याच."

"भिंतीमागं होती न आजी, कांड्या भरत. आबाले नक्षीतलं काही समजत नाही, बाई. कोणता धागा उचलायचा, कोणता दाबायचा, ते आजी मोजते आणि आबा विणते. तुम्ही काही विचारलं का आबा पाणी प्याले आत जात आणि तिले विचारून येत."

"मग त्या स्वतः बाहेर का नाही आल्या?"

उत्तराने खोक्यातून एक कार्ड काढलं आणि पाहून वाचलं, शिकवलं होतं तसं. "मैनाबाई पौनीकर, चार जानेवारी, मागावर बसून. 'सासरे ओसरीवर बसून होते. सासऱ्यापुढं तोंड उघडाची रीत नव्हती आमच्यात. आणि बाई मोठ्या लोकाइच्या संगं खुर्चीवर बसून होती. तिनं मले विचारलं कुठं?'"

बाईंनी पानं गोळा केली आणि बघते म्हणाल्या. त्यांच्याकडे त्या वेळची वही होती. शब्द न् शब्द उतरवलेली. म्हातारं माणूस बारा वर्षांनी काहीबाही सांगतं, पोरीला तेच खरं वाटतं. वही दाखवली की प्रश्न मिटेल, अशा तोऱ्यात त्या घरी गेल्या.

रविवारी दुपारी महाल भागातल्या आपल्या खोलीत त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. वही सापडली. अक्षर आपलंच, पण तेव्हा किती टोकदार होतं याचं त्यांना हसू आलं. पहिलं पान: नाव, वय, मूळ गाव, माग किती वर्षांचा. नत्थूजींनी भराभरा उत्तरं दिली होती. मग प्रश्न: या काठात किती धागे उचलता? त्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'न. पाणी प्यायला गेले'. मग उत्तर. पुढचा प्रश्न: हीच नक्षी रुंद काठाला कशी बसवता? 'न. पाणी प्यायला गेले.' मग उत्तर, मुद्देसूद, नत्थूजींच्या बोलण्याच्या मानाने जरा जास्तच मुद्देसूद.

बाईंनी पेन्सिल घेतली आणि मोजायला बसल्या. पहिल्या दुपारी पाच वेळा. दुसऱ्या दुपारी सहा. तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी पुन्हा चार. एकोणीस. वय, गाव, देवदर्शन, मुलंबाळं असल्या प्रश्नांना नत्थूजींना एकदाही तहान लागली नव्हती. वहीवर तारखा होत्या जानेवारीच्या. नागपूरच्या जानेवारीत, उन्हाला बसलं तरी दात वाजतात अशा दिवसांत, हा माणूस एकोणीस वेळा पाणी प्यायला उठला होता आणि बाईंनी ते एकोणीसही वेळा इमानेइतबारे लिहून घेतलं होतं. 'नक्षी कोण ठरवतं?' या प्रश्नापुढे तर लिहिलं होतं, 'न. पाणी प्यायला गेले. बराच वेळ.' आणि मग उत्तर: 'मीच.'

बाईंना लाज वाटली. बावीस पोरींना कोण म्हणालं, कोण म्हणालं म्हणून भंडावून सोडणारी ही बाई, आणि हिने स्वतः भिंतीआड बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. सरांच्या शेजारची खुर्ची मिळाली म्हणून तेव्हा आपण किती ताठ बसलो होतो, तेही आठवलं. लेखात त्यांनी लिहून टाकलं होतं की बायकांचा हात कांड्या भरण्यापुरता. ते वाक्य त्या बाईने भिंतीमागून स्वतःच पाठवलं होतं, आणि यांनी ते छापून आणलं होतं.

पण लाज वाटून पोट भरत नाही. शनिवार सहा दिवसांवर होता. भैयाजींसमोर मॅट्रिकची पोर उभी राहून म्हणणार, बाईंचा लेख चुकला. भैयाजी काय म्हणतील ते बाईंना ऐकूच येत होतं: शिकवणारीचंच चुकते, तर शिकणारीनं काय दिवे लावावे? संपलं. दोन तास गणिताला. आणि पुढच्या वर्षीच्या पोरी पुन्हा गाइडातून टिपायला मोकळ्या. एका तळटिपेपायी एवढं घालवायचं? वीस पानांचा प्रबंध होता, चाळीस तळटिपा होत्या. एक कमी झाली तर कोणाचं घर पडणार होतं?

सोमवारी त्यांनी प्रबंध परत दिला. पानोपानी लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या, शाबासक्या होत्या. नवव्या तळटिपेपाशी काहीच नव्हतं. बरोबर नाही, चूक नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. उत्तराने ते पान काढून पाहिलं आणि बाईंकडे पाहिलं.

"बाई, हे इथलं..."

"आवाज मोठा ठेव," बाई म्हणाल्या. "आणि वीस मिनिटांच्या वर जाऊ नको. भैयाजी घड्याळ लावून बसतात."

उत्तरा हो म्हणाली आणि वर्गात गेली. बाई मनाशी म्हणाल्या, मी तर काही खोडलं नाही. हे त्यांनी दिवसातून चार-पाचदा मनाशी म्हटलं, यावरून काय ते समजा.

शनिवारी शाळेच्या मोठ्या खोलीत कमिटीच्या खुर्च्या मांडल्या, पालकांसाठी सतरंज्या घातल्या. भैयाजी मधोमध, मांडीवर घड्याळ. नत्थूजी आणि मैनाबाई तासभर आधीच येऊन भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. नत्थूजींची टोपी पांढरी फेक. मैनाबाईंनी घरच्या मागावरचं लुगडं नेसलं होतं आणि पदर कपाळाच्या खाली ओढला होता. त्या लुगड्याच्या काठावरून बाईंना नजर काढता येईना. बारा वर्षांपूर्वी हीच नक्षी त्यांनी वहीत काढून घेतली होती.

उत्तरा वाचायला उभी राहिली आणि पहिल्या दोन मिनिटांतच सगळे सरसावून बसले. पोरगी काय वाचत होती! काठांची नावं सांगत होती, कोणता कोणत्या गावाहून आला, कोणी कोणाचा पाहून उचलला, ते सांगत होती आणि प्रत्येक गोष्टीच्या मागे, तळटीप एक, अमके, अमक्या दिवशी, अमक्या ठिकाणी. पालकांना आधी हसू आलं. मग आपापल्या गल्लीतल्या माणसांची नावं कानांवर पडायला लागली, तसे ते एकमेकांना कोपरं मारू लागले. भैयाजी घड्याळाकडे बघायचं विसरले. बाईंची छाती भरून आली. तळटीप सात. तळटीप आठ. उत्तराने पान उलटलं आणि म्हणाली, "तळटीप दहा."

कमिटीला काही कळलं नाही. पालकांना काही कळलं नाही. पण मागच्या सतरंजीवर एकवीस मुली बसल्या होत्या, आणि त्यांना सात महिने याच कामाला जुंपलं होतं. एकवीसही माना एकदम बाईंकडे वळल्या. त्या नुसत्या बघत होत्या. बाई आता विचारतील, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

बाई उभ्या राहिल्या.

"उत्तरा, नववी तळटीप राहिली."

उत्तराचे डोळे भरून आले. "बाई, वेळ होऊन राहिला म्हणून..."

"वेळ आहे. वाच."

उत्तराने पान मागे घेतलं आणि वाचली. आवाज आधी कापला, पण शेवटच्या वाक्याला स्थिर झाला. मैनाबाईंचा पदर आणखी चार बोटं खाली आला. नत्थूजी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले.

भैयाजी सावकाश खुर्चीतून वळले. "म्हणजे बाई, तुमचा छापून आलेला लेख चुकला म्हणते का ही पोरगी?"

"लेख काय चुकणार, भैयाजी? मी चुकले," बाई म्हणाल्या. "एकोणीस वेळा."

त्यांनी पिशवीतून वही काढली. सकाळी ती पिशवीत टाकताना, ही बाहेर काढायची की नाही ते ठरलं नव्हतं. आता काढलीच होती, तर त्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली. प्रश्न, मग नत्थूजी पाणी प्यायला गेले, मग उत्तर. प्रश्न, नत्थूजी पाणी प्यायला गेले, उत्तर. चौथ्या पाण्याला सतरंजीवर कोणीतरी फिसकलं. सातव्याला सगळी खोली हसत होती. बाई हसल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, हे सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं बारा वर्षं माझ्या पेटीत पडून होतं आणि मला दिसलं नाही. या पोरीला दिसलं, कारण ती विचारायला आत गेली. शनिवारच्या वर्गात आम्ही एवढंच शिकवतो. आता ठेवायचा की बंद करायचा ते तुम्ही ठरवा.

आणि त्या खाली बसल्या. मनाला बरं वाटत होतं.

भैयाजी नत्थूजींकडे असे पाहत होते, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतात.

"काय गा नत्थू," ते शेवटी म्हणाले, "वीस वर्षं झाले, मी तुया ओसरीवर येऊन बसतो. या काठाचं लुगडं जमन का, विचारलं का तू पाणी प्याले जातं. दिवाळीच्या आत देशील का, विचारलं का पाणी. मले वाटे, याले साखरेचा रोग आहे. मी तर तुले वैद्याचा पत्ताही देल्ला होता."

"गेलो होतो न मी त्याच्याकडं," नत्थूजी पुटपुटले. "तुमचा मान राखाले."

लोक पोट धरून हसले. भैयाजी मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी खुर्ची बाकाकडे ओढली आणि विचारलं, "मग मले सांग, तीन सालाआधी तो जो जांभळा काठ देल्ला होता, अख्ख्या गांधीबागेत तसा दुसऱ्या कोणाजवळ नव्हता, तो कसा बसवला?"

नत्थूजींनी टोपी नीट केली. बाकावर हात टेकला. आणि उठले.

"जरा पाणी पिऊन येतो," ते म्हणाले.

"जा," शेजारून आवाज आला. "पण या खेपेले माह्यासाठी आणा. बोलून बोलून घसा सुकन माह्या."

मैनाबाईंनी पदर मागे सारला. भांगाच्याही मागे. चेहरा उन्हात पिकल्यासारखा, डोळे बारीक आणि तरतरीत. त्यांनी भैयाजींकडे पाहिलं नाही, प्रेमलताबाईंकडे पाहिलं.

"विचारा, बाई. मी सांगतो."

प्रेमलताबाई खुर्चीवरून उठल्या आणि बाकासमोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या. उत्तराने न सांगता खोका पुढे केला. बाईंनी एक कोरं कार्ड घेतलं आणि वरच्या ओळीत लिहिलं, मैनाबाई पौनीकर. खाली तारीख. त्याखाली, शाळेत, बाकावर बसून. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बारा वर्षांपूर्वीचाच.

मैनाबाई बोटांवर धागे मोजत सांगू लागल्या. पाच उचलायचे, दोन दाबायचे, कोपऱ्यावर आलं की एक चोरायचा. मागच्या मुली गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या. वीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. भैयाजींनी घड्याळ बंडीच्या खिशात टाकलं, दुसऱ्या खिशातून पेन काढलं आणि हळूच वाकून विचारलं, "बाई, एखादं कोरं कार्ड आहे का जास्तीचं?"

नत्थूजी पाण्याचा तांब्या घेऊन परत आले, तेव्हा चौथं कार्ड भरत आलं होतं. ते तांब्या हातात धरून दारातच थांबले, तिचं बोलणं मध्ये तुटू नये म्हणून.